सर्व हक्क म्हणजे नेमके कोणते? मराठी ग्रंथप्रकाशकांना खुले पत्र

सर्व मराठी ग्रंथप्रकाशकांस,

स. न. वि. वि.

लेखकाशी करायच्या कराराचा एक ठरलेला नमुना तुमच्या कचेरीत असतो. पान एक, फार तर दीड. लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव, रॉयल्टीचा टक्का आणि भेटप्रतींची संख्या एवढ्या जागा मोकळ्या. बाकीचा मजकूर वर्षानुवर्षे तोच. त्यात एक वाक्य हमखास सापडते: 'सदर पुस्तकाचे सर्व हक्क लेखकाने प्रकाशकास दिले आहेत.' पुस्तक निघते आहे या आनंदात लेखक सही करतो. हक्क आपल्याकडे आले अशा समजुतीने तुम्ही कागद फाइलला लावता. लेखकांच्या आणि अनुवादकांच्या बाजूने असे करारनामे वाचणारे आम्ही काही जण आहोत. आमचे म्हणणे एवढेच की त्या वाक्याने तुमच्या पदरात फारच थोडे पडते, आणि आपण काय दिले हे लेखकालाही कळत नाही. हा नमुना बदला, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी लागते आणि त्यावर हक्क देणाऱ्याची किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीची सही लागते. कोणते पुस्तक, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे त्यात लिहिलेले असावे लागते. मुदत लिहायची राहिली तर कायदा ती कराराच्या तारखेपासून पाच वर्षे धरतो. प्रदेश राहिला तर भारतापुरता धरतो. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, करारातही त्याबद्दल वेगळे काही म्हटलेले नाही, तर त्या हक्कापुरते हस्तांतर रद्द झाले असे मानले जाते.

आता तुमचा नमुना या तरतुदींशेजारी ठेवून पाहा. १ जून २०१६ रोजी सही झाली, मुदतीचा उल्लेख नाही. २०२३ मध्ये तुम्ही तिसरी आवृत्ती काढली. कोणत्या हक्काने? करारातून मिळालेला हक्क २०२१ च्या मे महिन्याअखेर संपला होता. लेखकाने फोनवर 'काढा की' म्हटले असेलही, पण वाद झाला तर दाखवायला तुमच्या हातात कागद नाही. त्याच पुस्तकाचे ई-पुस्तक अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी वाचकाने विकत घेतले, तर प्रदेशाचा उल्लेख नसलेला करार तिथवर पोचतच नाही. आणि स्वीकारलेले हस्तलिखित चौदा महिने टेबलावर पडून राहिले असेल, तर ते दुसऱ्या प्रकाशकाला द्यायला लेखक बहुधा मोकळा झालेला असतो. बहुतेक वेळा त्याला हे माहीत नसते, इतकेच.

पाच वर्षांची आणि एका वर्षाची ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली. ती १० मे १९९५ पासून अमलात आहे आणि त्याआधीच्या करारांना लागू नाही. म्हणून १९७०-८० च्या दशकांतले पिवळे पडलेले कागद त्यातल्या शब्दांवरच वाचावे लागतात. आवृत्तीपुरता करार होता की कायमचा, हे एकेक फाइल उघडून पाहण्याला पर्याय नाही.

माध्यमांचा प्रश्न वेगळा. कलम १८ मध्ये २०१२ साली भर पडली आणि ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. करार करताना जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार अस्तित्वात नव्हता, किंवा व्यापारी वापरात नव्हता, त्याला तो करार लागत नाही. अपवाद एकच: करारात त्या प्रकाराचा नेमका उल्लेख हवा. त्यामुळे 'सध्या ज्ञात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत' हे वकिली थाटाचे वाक्य वाचायला भारदस्त असले, तरी या अटीपुढे टिकणे कठीण.

आता मुळातला घोळ. हस्तांतर आणि परवाना या दोन गोष्टी तुमच्या नमुन्यात एकमेकींत मिसळलेल्या असतात. जमीन खरेदीखताने देणे आणि खंडाने कसायला देणे यांतला फरक गावातल्या कोणालाही समजावावा लागत नाही. खरेदीखताने सातबाऱ्यावरचे नाव बदलते. खंडाने नाव मालकाचेच राहते आणि पीक कसणाऱ्याचे. पुस्तकाच्या बाबतीत हस्तांतर हे खरेदीखत, परवाना हा खंड. कायद्यात परवान्यासाठी कलम ३० आहे, आणि कलम ३०अ मुळे कलम १९ च्या अटी परवान्यालाही लागू होतात. पुस्तक छापायला, विकायला आणि त्यातून नफा मिळवायला प्रकाशकाला मालकी लागत नाही, अनन्य परवाना पुरतो. अनन्य म्हणजे त्या मुदतीत, त्या प्रदेशात, त्या स्वरूपात दुसऱ्या कोणीही छापायचे नाही, खुद्द लेखकानेही नाही.

'मग पुस्तकाची चोरटी छपाई झाली तर आम्ही दावा कसा लावणार?' ही शंका दर वेळी येते. उत्तर कलम ५४ मध्ये आहे. दिवाणी उपायांपुरता अनन्य परवानाधारक हा मालकासारखाच धरला जातो. दाव्यात मूळ मालकाला पक्षकार करावे लागते, एवढीच जादा पायरी. फुटपाथवरच्या झेरॉक्स प्रतींविरुद्ध लढायला मालकी हवी, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

लेखकाच्या हाती असते ती हक्कांची मोळी. कलम १४ मध्ये तिच्या काड्या मोजून दिल्या आहेत: मजकुराच्या प्रती काढणे, त्यात इलेक्ट्रॉनिक साठवणही आली, त्या प्रती लोकांत वितरित करणे, जाहीर सादरीकरण, लोकांपर्यंत पोचवणे, ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट करणे, अनुवाद, रूपांतर. प्रत्येक काडी वेगळी देता येते, वेगळ्या मुदतीने आणि वेगळ्या माणसाला. कथासंग्रह छापणाऱ्याने त्यातल्या कथेवरच्या वेबमालिकेचा हक्कही धरून ठेवायचा, तर ती मालिका कोणाला आणि कशी विकणार याचा काही बेत त्याच्याकडे असायला हवा. नसेल तर तो हक्क धूळ खातो. निर्माता लेखकाकडे येतो, लेखक म्हणतो प्रकाशकाला विचारा, प्रकाशक जुनी फाइल शोधत बसतो. तोवर निर्माता दुसऱ्या कथेकडे वळलेला असतो.

म्हणून त्या एका वाक्याच्या जागी साधारण असा मजकूर यावा:

'लेखक या पुस्तकाची मराठी छापील आवृत्ती, पुठ्ठाबांधणीची व कागदी बांधणीची, प्रकाशित करण्याचा व विकण्याचा अनन्य परवाना प्रकाशकास भारतासाठी, या कराराच्या तारखेपासून सात वर्षे देत आहे. मराठी ई-पुस्तकाचा अनन्य परवाना त्याच मुदतीसाठी जगभर देत आहे. अंतिम संहिता मिळाल्यापासून अठरा महिन्यांत प्रकाशक पुस्तक प्रसिद्ध करील. न केल्यास हे परवाने संपतील. श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाटक, चित्रपट, मालिका व वेबमालिका, पाठ्यसंकलनातील समावेश, संगणकीय प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी मजकुराचा वापर, तसेच येथे न लिहिलेले सर्व हक्क लेखकाकडे राहतील.'

सातऐवजी दहा वर्षे हवी असतील तर मागा. श्राव्य पुस्तक तुम्ही स्वतः करत असाल तर तेही मागा. फक्त प्रत्येक हक्कापुढे मुदत, प्रदेश आणि लेखकाचा वाटा लिहा. अनुवादाचे हक्क तुम्ही दुसऱ्या भाषेतल्या प्रकाशकाला विकून देणार असाल, तर त्या रकमेत लेखकाचा वाटा निम्म्याहून जास्त असावा आणि दोन वर्षांत काहीच झाले नाही तर हक्क परत जावा. 'अठरा महिने' हे शब्द गाळू नका. ते नसले तर कायद्याचे एक वर्ष लागू होईल, आणि मुद्रितशोधन, चित्रे, प्रस्तावनेची वाट पाहणे यात एक वर्ष कसे सरते हे तुम्हीच जाणता.

रॉयल्टीकडे वळू. टक्का सगळे लिहितात. टक्का कशाचा, हे लिहायचे राहते. समजा पुस्तकाची छापील किंमत ४०० रुपये आणि रॉयल्टी १० टक्के. छापील किमतीवर धरली तर प्रतीमागे ४० रुपये. विक्रेत्याला ५० टक्के सूट देऊन हाती आलेल्या रकमेवर धरली तर २० रुपये. टक्का तोच, पैसे निम्मे. दोन्ही पद्धती कायदेशीर आहेत, पण करारात कोणती ते स्पष्ट हवे. ई-पुस्तकासाठी विक्रीमंचाचा वाटा वजा जाता प्रकाशकाला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम हा आधार सरळ पडतो.

त्याहून जास्त त्रास देणारा शब्द आहे 'आवृत्ती'. 'आवृत्ती संपल्यावर हिशेब करण्यात येईल' हे कलम अजून सर्रास दिसते. आवृत्ती किती प्रतींची, ते लिहिलेले नसते. संपली हे ठरवणार तुम्ही. गोदामात चाळीस प्रती उरल्या की ती कधीच संपत नाही. हजार प्रतींची आवृत्ती साडेनऊशेवर अडकून पडलेली पुस्तके कमी नाहीत. हिशेब तारखेला बांधा. ३१ मार्चपर्यंतचा हिशेब ३० जूनपर्यंत लेखकाच्या हाती पडावा, विक्री शून्य असली तरी. त्यात छापलेल्या, विकलेल्या, परत आलेल्या, भेट दिलेल्या, खराब झालेल्या आणि शिल्लक प्रती असे सहा आकडे असावेत, आणि त्यांची बेरीज जुळावी. वर्षातून एकदा, आधी सूचना देऊन, लेखकाला किंवा त्याच्या हिशेबनिसाला छपाईची बिले पाहता यावीत. ज्या प्रकाशकाचे हिशेब चोख असतात त्याला या कलमाचा काही उपद्रव होत नाही.

'अनुपलब्ध' या अशाच दुसऱ्या शब्दामुळे पुस्तक लेखकाकडे परत येण्याची वाटही अडते. 'पुस्तक अनुपलब्ध झाल्यास हक्क परत' हे कलम पूर्वी पुरेसे होते. आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, त्यामुळे कोणतेही पुस्तक कागदोपत्री कायम उपलब्धच असते. तेव्हा अनुपलब्धतेची व्याख्या आकड्यात करा: सलग दोन वार्षिक हिशेबांत छापील आणि ई-प्रती मिळून पन्नासपेक्षा कमी विक्री झाली, आणि लेखकाच्या लेखी सूचनेनंतर सहा महिन्यांत नवी छपाई झाली नाही, तर परवाना संपेल. उरलेल्या प्रती विकायला तुम्हाला आणखी सहा महिने मिळावेत, त्यावर रॉयल्टी चालू राहावी, आणि रद्दीत घालण्याआधी त्या लेखकाला कागद-छपाईच्या खर्चात देऊ कराव्यात.

पुस्तक परत जाते तेव्हा मुखपृष्ठ सोबत जात नाही, हे लेखकांच्या फारसे लक्षात नसते. पैसे देऊन चित्र किंवा छायाचित्र करवून घेतले आणि उलट करार नसला, तर कलम १७ प्रमाणे त्याचा पहिला मालक ते करवून घेणारा, म्हणजे बहुधा प्रकाशक. नव्या प्रकाशकाने तेच मुखपृष्ठ वापरले की वाद उभा राहतो. त्यामुळे चित्रकाराशीही दोन ओळींचा करार करा आणि लेखकाच्या करारात मुखपृष्ठाचे काय ते लिहा. जुळणीची फाइल किती रकमेला देणार, हेही त्याच वेळी ठरवून टाकलेले बरे.

आता पुस्तकाच्या दुसऱ्या पानाबद्दल. वर्तुळातला सी, म्हणजे कॉपीराइटची खूण, आणि पुढे 'सौ.' लावून लेखकाच्या पत्नीचे नाव, ही मराठी पुस्तकांची जुनी चाल. भावना समजते. पण पुस्तकाचा पहिला मालक लेखक असतो, आणि त्याच्या सहीचा हस्तांतराचा कागद नसेल तर त्या छापील ओळीने हक्क कोणाकडेही जात नाही. लेखक हयात असताना याने काही बिघडत नाही. बिघडते ते नंतर. मृत्युपत्र नसेल तर हक्क वारसांकडे जातात. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास लेखकाची आई यांना सारखा वाटा मिळतो. तुम्ही मात्र ज्यांचे नाव पुस्तकावर आहे त्यांचीच सही घेऊन नवी आवृत्ती काढता, आणि तीन वर्षांनी परदेशातल्या मुलाची नोटीस येते. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, किंवा त्यांनी एकाला लेखी अधिकार दिला आहे याची प्रत ठेवा. लेखक हयात असेल तर मृत्युपत्रात पुस्तकांच्या हक्कांसाठी एक वेगळे कलम घालायला त्याला सुचवा. घर आणि ठेवी लिहिल्या जातात, पुस्तके विसरली जातात.

कॉपीराइट किती काळ टिकतो, याचा हिशेब तसा सोपा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० चे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुली झाली. मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. खुल्या झालेल्या मजकुराला तुम्ही नवी प्रस्तावना, टिपा किंवा चित्रे जोडली तर त्या भागावर नवा हक्क निर्माण होतो, मूळ मजकुरावर नाही. अशा पुस्तकांवरही 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' छापलेले दिसते. मजकुरापुरता त्या ओळीला काही अर्थ नसतो.

अनुवादाच्या पुस्तकात दोन मजले असतात आणि भांडणे जिन्यात होतात. मूळ लेखकाची परवानगी हा खालचा मजला. अनुवाद ही स्वतंत्र साहित्यकृती, तिचा पहिला मालक अनुवादक, हा वरचा. तुम्ही परभाषेतल्या प्रकाशकाकडून पाच किंवा सात वर्षांचा परवाना घेता आणि अनुवादकाकडून 'सर्व हक्क' एकरकमी मानधनावर. मूळ परवाना संपला की खालचा मजला जातो: अनुवाद तुमच्याकडे असला तरी छापता येत नाही, आणि अनुवादकालाही तो दुसरीकडे देता येत नाही. उद्या दुसऱ्या मराठी प्रकाशकाने मूळ परवाना मिळवला, तर चांगला तयार अनुवाद तुमच्या फाइलीत अडकून पडतो आणि त्याच पुस्तकाचा दुसरा, कदाचित घाईत केलेला, अनुवाद बाजारात येतो. म्हणून अनुवादकाचा करार मूळ परवान्याच्या मुदतीला बांधा. तो परवाना संपला की अनुवादाचे हक्क अनुवादकाकडे जावेत. मूळ परवाना संपण्याची तारीख अनुवादकाला कळवली जावी. आज ती बहुतेकांना माहीतच नसते. आणि अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर घ्या.

नावावरून कलम ५७. हक्क विकले तरी दोन गोष्टी लेखकाकडे राहतातच: आपण लेखक आहोत हे सांगण्याचा अधिकार, आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लावणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले की हक्कांचा करार या कलमाच्या मर्यादेतच वाचायचा. 'आवश्यक ते बदल करण्याचा प्रकाशकास पूर्ण अधिकार राहील' या तुमच्या ओळीलाही ती मर्यादा आहे. शुद्धलेखन आणि छपाईचे दोष दुरुस्त करा. परिच्छेद गाळायचा किंवा शीर्षक बदलायचे तर लेखी संमती घ्या.

दुसऱ्यांचा मजकूर घेताना 'साभार' हा शब्द परवानगीची जागा घेत नाही. समीक्षेसाठी कवितेच्या ओळी उद्धृत करणे कलम ५२ मधल्या न्याय्य वापरात बसू शकते. प्रकरणाच्या डोक्यावर शोभेसाठी पूर्ण कविता छापायची तर परवाना लागतो. चार ओळी चालतात, दहा टक्के चालते, तीनशे शब्द चालतात असे आकडे आपल्या व्यवसायात फिरत असतात. कायद्यात असा एकही आकडा नाही. परवानगीचे पत्र कोणी मिळवायचे आणि खर्च कोणाचा, हे करारात लिहा. आणि 'यातून उद्भवणाऱ्या सर्व नुकसानीस लेखक जबाबदार' या कलमाला मर्यादा घाला: लेखकाने जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनापुरते, आणि त्याला मिळालेल्या रॉयल्टीच्या रकमेपर्यंत.

नवे लेखक नोंदणीबद्दल विचारतात आणि तुमच्या कचेरीतून त्यांना भलतीच उत्तरे मिळतात. कॉपीराइट लेखन होताच निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी तिचे शुल्क ५०० रुपये असून न्यायालयात ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते. आयएसबीएन हा ओळखक्रमांक आहे, भारतात तो मोफत मिळतो आणि त्याने मालकी सिद्ध होत नाही. स्वतःला नोंदणीकृत टपालाने हस्तलिखित पाठवून पाकीट बंद ठेवण्याला कायद्यात नोंदणीचे स्थान नाही.

काही लेखक आपली जुनी पुस्तके मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरायची आधीच मुभा देऊन, विकिस्रोत या इंटरनेटवरच्या खुल्या ग्रंथालयाला देऊ इच्छितात आणि तुमच्याकडे ना-हरकत पत्र मागतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे अशा मुक्त परवान्याच्या प्रचलित नमुन्याचा, परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, म्हणून पत्र देण्याआधी हक्क कोणाकडे आहे ते दोघांनी तपासावे. कराराची मुदत संपली असेल तर हक्क लेखकाकडेच आहे. ना-हरकत देण्यासारखे तुमच्याकडे काही उरलेले नाही, पण तसे पत्र दिलेत तर त्याचे काम सोपे होईल.

कागदाचे भाव, परत येणारे गठ्ठे, ग्रंथालयांची उशिरा येणारी बिले, हे सगळे आम्हाला माहीत आहे. वर मागितलेल्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, वेळ लागतो. नवा नमुना तीन-चार पानांचा होईल. चालू पुस्तकांसाठी एका पानाचा पुरवणी करार पुरेल: मूळ कराराची तारीख, आजवर निघालेल्या आवृत्त्या आणि प्रती, येथून पुढची मुदत, प्रदेश, माध्यमे, रॉयल्टीचा आधार, हिशेबाची तारीख आणि दोन्ही सह्या. ज्या पुस्तकांची पाच वर्षे उलटून गेली आहेत तिथून सुरुवात करा, कारण त्यांच्या बाबतीत आज तुमच्या हातात कागदच नाही. येत्या ३१ मार्चच्या हिशेबासोबत हे पान लेखकांना पाठवता येईल.

आपले,
करारनामे वाचणारे काही लेखक, अनुवादक आणि वकील